मामाने काय दिलं?

मैत्रिणींनो, हातात पेन्सिल आहे ना? नसली तर मुलांच्या दप्तरातून एखादी काढून घ्या नि हे वाक्य वाचा :

काकाटे कगा सेचू हिगा.

छापखान्याची चूक नाही बरं का! हे कोडं आहे. एक साधं, घरगुती मराठी वाक्य घेतलं नि त्यातलं प्रत्येक अक्षर बदलून टाकलं. नियम तीनच. एका अक्षराऐवजी वाक्यभर एकच दुसरं अक्षर यायचं. कोणतंही अक्षर स्वतःच्या जागी राहायचं नाही, म्हणजे 'क' दिसला तर तो 'क' नक्कीच नव्हे. आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार मात्र जागच्या जागी राहायचे. बस, एवढंच.

आता कुकरची शिट्टी होईपर्यंत बसून सोडवू या. पहिला शब्द 'काकाटे'. पहिली दोन अक्षरं सारखी, दोघांनाही काना. काका तर नव्हेत, नियमानं त्यांना बाहेरच काढलंय. मग मामा, दादा, बाबा, नाना, कुणीतरी घरातलंच माणूस. त्यापुढं मात्रा असलेलं अक्षर, म्हणजे बहुतेक 'ने'. नाना असते तर तिन्ही अक्षरं सारखी दिसली असती, तेव्हा नानाही गेले. दुसरा शब्द 'कगा'. त्यात तेच 'क', पण काना न घेता. मामा धरला तर 'म' आणि पुढं काना असलेलं काहीतरी : 'मला'! दादा-बाबा धरून पाहा, वाक्य पुढं सरकत नाही. 'गा' म्हणजे 'ला' कळल्यावर शेवटचा 'हिगा' आपोआप 'दिला' होतो. राहिला 'सेचू'. आधी मात्रा, मग उकार. मामा भाच्याला काय देईल? पेरू!

मामाने मला पेरू दिला. सुटलं की नाही? सुटल्यावर वाटणारा आनंद किती लहान नि किती खरा असतो, हे तुम्हांला आता सांगायला नको.

मला हे वेड लहानपणापासूनचं. आम्ही बहिणी घरात 'च'ची भाषा बोलायचो. 'मला'चं 'चलाम' करायचं, आणि मोठ्यांना काही कळत नाही असं समजायचं. (त्यांना सगळं कळत असे. त्यांनीही आपल्या लहानपणी तेच केलेलं.) पुढं कॉलेजात एडगर अॅलन पोची 'द गोल्ड बग' ही १८४३ सालची गोष्ट वाचली, शेरलॉक होम्सची नाचणाऱ्या माणसांची १९०३ सालची गोष्ट वाचली. दोन्हींत गुप्त लिपी उलगडते ती एकाच युक्तीनं. इंग्रजीत 'ई' हे अक्षर सर्वांत जास्त येतं, म्हणून जी खूण सारखी सारखी दिसते ती 'ई' धरायची नि तिथून धागा ओढायचा.

पण हे काही साहेबाचंच खूळ नव्हे. आपल्याकडं वात्स्यायनानं ज्या चौसष्ट कला सांगितल्या, त्यांत गाणं, फुलांची रचना, स्वयंपाक, शिवणकाम यांच्याच रांगेत 'म्लेच्छितविकल्प' नावाची एक कला आहे. म्हणजे अक्षरांची अदलाबदल करून दुसऱ्याला कळणार नाही असं लिहिणं-बोलणं. त्यावरच्या 'जयमंगला' टीकेत अशी एक रीतही सांगितली आहे : 'ख'च्या जागी 'ग', 'ग'च्या जागी 'ख', 'न'च्या जागी 'म', अशा जोड्या लावायच्या. आणि ह्या कला बायकांनीही शिकाव्यात असं तिथं म्हटलं आहे. आपल्या मराठीत तर महानुभाव पंथाच्या मंडळींनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले. 'लीळाचरित्रा'सारखं मराठीतलं आद्य गद्य कित्येक शतकं त्या कुलुपाआड राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांच्या हाती किल्ली आली, तेव्हा कुठं बाहेरच्या वाचकांना ते धन दिसलं. तेव्हा कुणी "हा काय पोरखेळ" म्हणालं, तर हे सांगायला हरकत नाही.

मराठीत असं कोडं रचताना सुरुवातीला मी फार अडखळले. इंग्रजीत सव्वीस अक्षरं, त्यांची अदलाबदल केली की संपलं. आपल्याकडं 'क' आणि 'का' आणि 'की' आणि 'कू' ही वेगळी धरायची की एकच? वेगळी धरली तर कोडं कुणालाच सुटत नाही, रचणारीलाही नाही! शेवटी एक दुपार पाट्यावरल्या वाटणासारखी घासल्यावर उमगलं की, काना-मात्रा तशाच ठेवाव्यात, फक्त व्यंजन बदलावं. मग मात्राच सोडवणाऱ्याचं बोट धरतात. 'आ'सारखे स्वर सुटे आले तर तेही तसेच ठेवावेत. जोडाक्षरं नवशिक्यांसाठी टाळावीत. आणि 'आहे' हा शब्द जपून वापरावा. 'आ' तसाच राहतो, पुढं मात्रा दिसते, की लगेच 'ह' उघडा पडतो. सोपं कोडं हवं असेल तर मुद्दाम घालावा, अवघड हवं असेल तर गाळावा. भाजीत मीठ घालण्यासारखंच आहे हे.

मी एका शाळेत सकाळी दोन तास मराठी शिकवते, पाचवीला. तिथं माझ्या लक्षात आलं की बरीच मुलं वाचत नाहीत, अंदाज बांधतात. 'पाऊस पडला' हे शब्द पुस्तकात दिसायच्या आधीच त्यांच्या तोंडून येतात. अक्षर न् अक्षर पाहायला लावणारं काहीतरी हवं होतं. म्हणून दर गुरुवारी फळ्यावर एक कोडं लिहायला सुरुवात केली. मुलांना ते फार आवडलं. एरवी वहीत डोकं न घालणारी पोरं मधल्या सुट्टीतही खडूनं फरशीवर 'काकाटे-कगा' करायला लागली. मीही जरा फुशारले. खोटं कशाला बोलू?

आणि मग तो गुरुवार आला.

फळ्यावर हेच वाक्य होतं, जे तुम्हांला सुरुवातीला दिलं. वह्या गोळा केल्या नि तपासायला बसले. मामाने मला पेरू दिला, बरोबर. मामाने मला पेरू दिला, बरोबर. मग एक वही आली, कोपरे दुमडलेली, मातीच्या बोटांचे ठसे उमटलेली. ती शेवटच्या बाकावरच्या एका मुलाची होती. हजेरीपटात त्याच्या नावापुढं खाडेच खाडे. गृहपाठ कधी पुरा नाही. विचारलं तर खाली मान. वहीत लिहिलं होतं : मामाने मला गेरू दिला.

मी लाल पेननं काट मारली. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "का रे, मामा गेरू कशाला देईल? भिंती रंगवायला? दुसऱ्याचं बघून लिहायचं तर नीट तरी बघावं."

सगळा वर्ग हसला. तो काही बोलला नाही. वही घेऊन जागेवर जाऊन बसला.

त्या संध्याकाळी चपात्या लाटता लाटता सासूबाईंना कोडं ऐकवलं. त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतच झालेलं, पण डोकं तल्लख. मला वाटलं, त्यांना गंमत वाटेल. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. चष्मा पुसून त्यांनी ते बराच वेळ न्याहाळलं नि म्हणाल्या, "अगं, मामाने मला गेरू दिला. बरं झालं. वृंदावन रंगवायचंच राहिलंय दिवाळीचं."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

"गेरू नाही हो आई, पेरू," मी म्हटलं.

"पेरू का म्हणून? इथं 'प' कुठं लिहिलाय?"

खरंच, कुठं लिहिला होता? पोळी तव्यावर तशीच टाकून मी कागद हातात घेतला. 'मामा'मधला 'म' पुन्हा 'मला'मध्ये येतो, म्हणून तो पक्का. 'मला'मधला 'ला' पुन्हा 'दिला'मध्ये येतो, म्हणून तोही पक्का. पण 'पेरू'मधला 'प' साऱ्या वाक्यात एकदाच येतो. त्याला दुसरा साक्षीदारच नाही. तिथं 'प' बसतो तसाच 'ग'ही बसतो, नि एकही नियम मोडत नाही. उत्तर चुकलं नव्हतं. कोडं चुकलं होतं, आणि ते मी रचलं होतं.

पोळी करपली, ती मीच खाल्ली.

मग आठवलं, तो मुलगा कुंभारवाड्यातला. मामाच्याच घरी राहतो. मडकी, पणत्या भाजायच्या आधी त्यांना गेरूचा हात देतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण माझ्या डोळ्यांसमोर वाडीतून पिशवी घेऊन येणारा, भाच्याला पेरू देणारा मामा होता, माझा स्वतःचा. त्याच्या घरचा मामा गेरूच देतो. त्यानं दुसऱ्याचं बघून लिहिलं असतं, तर उलट 'पेरू'च लिहिलं असतं! साऱ्या वर्गात स्वतःच्या डोक्यानं कोडं सोडवलं असं खात्रीनं म्हणता येईल, असा तो एकटाच होता. आणि बघून लिहिल्याचा ठपका मी त्याच्यावरच ठेवला होता.

जेवताना ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "एवढं काय त्यात? चुपचाप वहीत बरोबरची खूण कर आणि सोडून दे. मुलांसमोर चूक कबूल केलीस तर उद्या प्रत्येक जण उत्तरावरून हुज्जत घालील." बोलणं अगदीच चूक नव्हतं. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळायचा म्हणजे थोडा दरारा लागतोच. अर्धवेळ बाईंचा दरारा मुळात अर्धाच असतो, त्यातला आणखी कशाला घालवा? रात्री मलाही तेच पटायला लागलं होतं. पण काट मारली होती वहीत, हसं मात्र झालं होतं वर्गात. वहीतली खूण वर्गातलं हसू कसं पुसणार?

दुसऱ्या दिवशी ठरवून गेले. तो आलाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. एरवी त्याच्या नावापुढं खाडा मांडताना मला काही वाटत नसे. त्या दोन दिवसांत ती रिकामी जागा मी तासाला दहा वेळा पाहिली असेल. आपल्यामुळं तर नाही ना? शाळाच सोडली तर?

सोमवारी तो आला. मी हजेरी घेतली नि पुस्तक उघडायच्या आधी फळ्याशी गेले. तेच वाक्य पुन्हा लिहिलं. त्याखाली 'पेरू' आणि 'गेरू' असे दोन्ही शब्द लिहिले नि मुलांना विचारलं, "ह्यातला एक चूक आहे असं कुणी सिद्ध करून दाखवेल?" बराच वेळ शांतता. पुढच्या बाकावरची हुशार मुलगी म्हणाली, "बाई, दोन्ही येतात." मी म्हटलं, "हो, दोन्ही येतात. गुरुवारी मी एक बरोबर उत्तर चूक ठरवलं आणि नाही ते बोलले. कोडं माझं चुकलं होतं. बोलणंही चुकलं." आणि त्याच्याकडं वळून म्हटलं, "मला माफ कर हं."

आवाज जरा कापलाच माझा. तो बाकाकडं बघत होता. वर्गात कुणी हुज्जत घातली नाही.

मग मी दुरुस्त केलेलं कोडं लिहिलं. 'प'ला साक्षीदार हवा, म्हणून आणखी एक वाक्य जोडलं होतं :

काकाटे कगा सेचू हिगा. रो सेचू सिनगा पोरा.

म्हणजे मामाने मला पेरू दिला. तो पेरू पिकला होता. आता 'पिकला'मध्ये पुन्हा 'प' आला. 'गेरू' धरलं तर 'गिकला' होईल, नि तसा शब्दच नाही. दोन रात्री विचार करून मी हे अगदी पक्कं केलं होतं. वह्यांत माना खाली गेल्या. पाच मिनिटांनी शेवटच्या बाकावरून हात वर आला. तोच!

"बाई, दुसरं पण येतंय."

"काय येतंय?"

तो उभा राहिला. "मामाने मला गेरू दिला. तो गेरू गिळला होता."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मी फळ्याकडं पाहिलं, बोटं मोडून अक्षरं जुळवली. 'ग' दोन्हीकडं जुळत होता, 'क'च्या जागी 'ळ' बसत होता. तंतोतंत! आणि मग वर्ग असा हसला, असा हसला, की शेजारच्या वर्गावरच्या बाई डोकावून गेल्या. मीही टेबल धरून हसले. पण ह्या वेळी तोही हसत होता. गुरुवारच्या नि ह्या हसण्यात किती फरक होता, ते कानांना लगेच कळलं.

शेवटी वर्गानंच कोडं पुरं केलं. तिसरं वाक्य ठरलं, 'तो पोपटाने पाहिला'. अक्षरं बदलल्यावर त्याचं झालं 'रो सोसबाटे सापिगा'. 'पोपट' शब्दात 'प' दोनदा, 'पाहिला'त आणखी एकदा. आता कुणी 'गोगट' आणून दाखवावा! आमचा तक्ता असा तयार झाला, मूळ अक्षर आधी आणि त्याच्या जागी बसलेलं नंतर : म-क, न-ट, ल-ग, प-स, र-च, द-ह, त-र, क-न, ह-प, ट-ब. वर्गातल्या भिंतीवर तो अजून लावलेला आहे.

तुम्ही घरी मुलांसाठी अशी कोडी रचणार असाल तर माझ्या ह्या फजितीतून एवढं घ्या. वाक्य आठ-दहा शब्दांचं तरी घ्यावं, फार छोट्या वाक्यात साक्षीदार पुरत नाहीत. प्रत्येक अक्षर निदान दोन वेगवेगळ्या शब्दांत येतंय ना, हे बोट ठेवून पाहावं. त, र, ल, न, म, क ही अक्षरं आपल्या बोलण्यात सारखी येतात, ती आपसूक पक्की होतात. ठ, ढ, झ, फ अशी क्वचित येणारी अक्षरं एकदाच आली तर दगा देतात. 'मी', 'तू', 'तो', 'ती' असे एकाक्षरी शब्द नि 'ने', 'ला' असे प्रत्यय सोडवणाऱ्याला आधार देतात, तेव्हा लहानांच्या कोड्यात ते जरूर ठेवावेत. आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट : रचलेलं कोडं स्वतः तपासू नये, कारण आपल्याला उत्तर ठाऊक असतं. ठाऊक असलेलं उत्तर दुसरं काही दिसूच देत नाही. ते कुणा दुसऱ्याला सोडवायला द्यावं, आणि शक्यतो आपल्यासारखं आयुष्य नसलेल्या माणसाला. माझी कोडी आता आधी सासूबाईंच्या हातून जातात. त्यांनी "हं" म्हटल्याशिवाय फळ्यावर जात नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी शाळा सुटताना त्या मुलानं माझ्या टेबलावर घडी केलेली एक चिठ्ठी ठेवली नि पळून गेला. वहीचं फाडलेलं पान, त्यावर गेरूचं बोट उमटलेलं. आत आमच्याच तक्त्यानं लिहिलेली एक ओळ. रिक्षात बसल्या बसल्या मी ती सोडवली. त्यानंतर दोन कामं केली. घरी आल्यावर त्याच्या खाड्यांच्या तारखा आठवून पुन्हा एकदा मोजल्या. आणि संध्याकाळी सासूबाईंना घेऊन पणत्या घ्यायला कुंभारवाड्यात गेले.

ती ओळ जशीच्या तशी खाली देते. तक्ता तुमच्यापाशी आहेच. उत्तर एकच आहे, सासूबाईंनी तपासलंय.

की काकागा कहर नचरो.